सोमवारची मोटारसायकल

कोमो तळ्याच्या पूर्वेकडच्या फाट्यावर मंडेल्लो देल लारिओ हे गाव आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ग्रिन्या डोंगराचे उभे कडे आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, रूळ, रस्ता आणि एक कारखाना. मोतो गुझ्झी ही कंपनी १९२१ पासून इथेच आहे. इटलीच्या छोट्या, जुन्या वळणाच्या मोटारसायकली रोजच्या वापरासाठी लोकांना का हव्याशा वाटतात, याचा माग काढायचा तर मी इथून निघून दक्षिणेकडे उतरत जाईन. कारण या प्रश्नाचं हमखास मिळणारं उत्तर, म्हणजे ‘गतकाळाची हौस’, मंडेल्लोतच तोकडं पडू लागतं. कंपनीच्या संग्रहालयातली नावं वाचत गेलं की एक वर्गवारी आपोआप उलगडते. चिन्ह आहे पंख पसरलेला गरुड. कार्लो गुझ्झी आणि जॉर्जो पारोदी यांचा वैमानिक मित्र जोव्हान्नी रावेल्ली १९१९ साली विमान अपघातात गेला, त्याची ती आठवण. शर्यतीच्या गाड्यांना कोंडोर, अल्बात्रोस अशी उंच आभाळातल्या पक्ष्यांची नावं मिळाली. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ६५ सीसीची चिमुकली गाडी आली. लोकांनी तिला ‘गुझ्झीनो’, म्हणजे धाकटी गुझ्झी, म्हणून घरात घेतलं. तिच्या मागून आलेल्या गाड्यांची नावं मात्र शेताच्या बांधावरची आहेत. लोदोला म्हणजे चंडोल, झिगोलो म्हणजे भारीट, स्तोर्नेल्लो म्हणजे आपल्या भोरडीचा भाऊबंद. १९५० सालची गाल्लेत्तो म्हणजे तरणा कोंबडा; झगा सावरून बसता येत असल्यामुळे ती पाद्र्यांची गाडी म्हणून ओळखली गेली. शर्यतीला आभाळातले पक्षी आणि कामाला अंगणातली पाखरं. इतक्या मायेने बारसं करणाऱ्या कारखान्याला रोजची गाडी दुय्यम वाटत नव्हती, एवढं नक्की.

माझं म्हणणं असं आहे, की आज ज्याला आपण ‘रेट्रो’ म्हणतो तो आकार मुळात कुणी सजावट म्हणून काढलेला नव्हता. मोटारसायकल हे घरातलं एकमेव वाहन होतं. तिच्यावरून माणूस कामाला जायचा, सुट्टीच्या दिवशी बायकोला मागे बसवून सासुरवाडी गाठायचा आणि एरवी बटाट्याचं पोतं आणायचा. तो आकार त्या काळात ठरला. म्हणून सीट सपाट आणि दोघांपुरती, उंची अशी की थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत, हँडल असं की पाठ ताठ राहावी आणि इंजिन असं की प्रत्येक चौकात गिअरशी झटापट करावी लागू नये. यातलं काहीच जुनं नाही, ते रोजचं आहे. रोजचं आणि जुनं यांची आपण गल्लत करतो, कारण मधल्या काळात युरोपातल्या मोटारसायकलीने रोजचं असणंच सोडून दिलं. यावर कुणी लगेच म्हणेल, की मंडेल्लोची आजची व्ही सेव्हन ८५३ सीसीची आहे. तिला छोटी म्हणायचं तर आपल्या शंभर सीसीच्या गाड्यांना काय म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. पण छोटेपणा नुसत्या सीसीत मोजता येत नाही. एवढ्याच इंजिनातून शंभरावर अश्वशक्ती पिळून काढणारे कारखाने आहेत. गुझ्झी ६५च्या आसपास थांबते, सीट ७८० मिलिमीटरवर ठेवते आणि साखळीऐवजी शाफ्ट देते. साखळी नाही म्हणजे तेल घालणं नाही आणि विजारीला काळे डाग नाहीत. कामावर जायचे कपडे घालून बसता येणं, हे या गाडीचं खरं माप आहे.

मिलानमध्ये हे कपड्यांचं माप रस्त्यावर दिसतं. इथे कोटटायमधला वकील आणि उंच टाचांच्या बुटांतली बाई दोघंही दुचाकीवर असतात. हिवाळ्यात स्कूटरला पुढून एक जाड, अस्तर लावलेलं आच्छादन बांधलेलं दिसतं. बसलं की ते मांड्यांवर येतं, जणू गाडीवर गोधडी पांघरून निघाले आहेत. शहराच्या मधल्या भागात शिरायला मोटारींना पैसे पडतात, दुचाकीला नाही. सकाळची कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच दोन घोटांत संपते आणि टेबलाशी बसलं तर तिचेच दाम चढतात. पुण्यातल्या अमृततुल्यापाशी गाडी स्टँडला लावून चहा मारणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की आपला चहा गप्पांमुळे लांबतो आणि त्यांची कॉफी लांबवणं शिष्टाचारात बसत नाही. याच शहराच्या लांब्राते भागात इन्नोचेंती कंपनीने १९४७ साली लांब्रेत्ता काढली. पोलादी नळ्या बनवण्यात या कंपनीचा हातखंडा होता, म्हणून लांब्रेत्ताचा सांगाडा नळीचा. शेजारून वाहणारी नदी लांब्रो, म्हणून गाडीचं नाव ते. हाताशी जे होतं त्यातून गरजेची वस्तू घडवायची, एवढीच तिची कथा.

पण मिलानमध्येच एक मोठा आक्षेप समोर उभा राहतो, आणि तोही चाकांवर. कामाच्या दिवशी इथे सर्वत्र दिसते ती होंडाची एसएच स्कूटर. तिची मोठी चाकं ट्रामचे रूळ आणि दगडी फरसबंदी सहज ओलांडतात, ती कधी रुसत नाही आणि इटलीत वर्षानुवर्षं खपाच्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. मग इटालियन माणूसच जर सोमवारी होंडावर बसत असेल, तर जुन्या वळणाची गुझ्झी ही रविवारची चैन ठरत नाही का? अर्धं उत्तर असं, की एसएच माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. तीही शहराच्या मापाने कापलेली आहे, आणि ती बनतेही इटलीतच, आब्रुझ्झोमधल्या आतेस्सा गावी. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पितळी पातेल्यांच्या जागी स्टील आलं तेव्हा कुणाचं नुकसान झालं नाही. कल्हईचा त्रास गेला, घासणं सोपं झालं. तरी काहीतरी गेलं, आणि ते काय हे सांगताना माणसं अडखळतात. वस्तू निमूटपणे काम करते तेव्हा आपण तिच्याकडे पाहणं थांबवतो. ज्या वस्तूशी दिवसातून दोनदा गाठ पडते, तिच्याकडे पाहावंसं वाटणं ही गरज भुकेइतकी निकडीची नसेल. पण तिला चैन म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

मिलानकडून आग्नेयेला निघालं की पुढे एमिलियाचा रस्ता लागतो. इसवी सनापूर्वी १८७ मध्ये रोमनांनी आखलेला हा रस्ता सपाट शेतांतून दोरी ताणल्यासारखा जातो आणि बोलोन्यात तो कमानींच्या सावलीत शिरतो. या शहरातल्या छत्रमार्गांची लांबी तब्बल ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. गर्दी वाढल्यावर लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालची जागा येणाऱ्याजाणाऱ्यांना मोकळी ठेवली. मुंबईतल्या दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून पावसात कोरडं चालत गेलेल्याला त्यांची किंमत वेगळी सांगायला नको. याच शहराच्या पश्चिमेला बोर्गो पानिगालेत दुकातीचा कारखाना आहे. १९२६ साली ही मंडळी रेडिओचे भाग बनवत होती. १९४४च्या बॉम्बफेकीत कारखाना उद्ध्वस्त झाला आणि १९४६ मध्ये ती परत उभी राहिली ती सायकलला जोडायच्या ४८ सीसीच्या इंजिनावर. त्याचं नाव कुच्चोलो, म्हणजे पिल्लू. सायलेन्सरचा आवाज पिल्लाच्या भुंकण्यासारखा होता म्हणून. आज ज्या नावाने शर्यतीची मैदानं दणाणतात, त्या नावाने इंजिनाच्या धंद्यातलं पहिलं पाऊल टाकलं ते कामगाराच्या सायकलवरून.

मग रस्ता कुठे फुटला? १९५५ मध्ये फियाटने ६०० आणि १९५७ मध्ये ५०० ही चिमुकली मोटार बाजारात आणली. पावसात चार माणसांना कोरडं नेणारी गाडी आवाक्यात आल्यावर कुटुंब दुचाकीवरून उतरलं. त्याच १९५७ साली मिल्ले मिल्या या मोटारशर्यतीत भीषण अपघात झाला, सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींना खीळ बसली आणि त्यांच्याबरोबर मोतोजीरो दितालियाही थांबली. ही देशभर फिरणारी मोटारसायकलींची शर्यत पन्नाशीच्या दशकात १७५ सीसीपर्यंतच्या गाड्यांची होती. बोलोन्याच्या दुकाती आणि मोरिनी यांनी तीत नाव कमावलं. कामाला नेणाऱ्या गाडीच्या मापाचंच इंजिन शर्यतीत धावतं, हा अभिमान त्या वर्षी संपला. इथून पुढे मोटारसायकल सुट्टीची झाली. सुट्टीची झाल्यावर ती मोठी झाली, वेगवान झाली, प्लॅस्टिकच्या चिलखतात शिरली आणि स्वाराला टाकीवर पालथं झोपवू लागली. म्हणून ‘रेट्रो’ गाडीला मी मागे जाणं म्हणत नाही. वाट चुकलेला माणूस जसा फाट्यावर परत येतो, तसं ते परत येणं आहे. यावर दुकातीचंच उदाहरण देऊन मला खोडून काढता येईल. १९६२ची मूळ स्क्रॅम्बलर इटलीच्या गल्लीसाठी नव्हे, तर अमेरिकी वितरकाच्या आग्रहाने तिथल्या मोकळ्या रानासाठी निघाली. २०१५ नंतरची स्क्रॅम्बलर ८०३ सीसीची आहे आणि २०१६ मध्ये आलेली तिची ३९९ सीसीची धाकटी बहीण फार काळ टिकली नाही. हे खरं आहे. जाहिरातीत दाढी, चामड्याचं जाकीट आणि सूर्यास्त विकला जातो, हेही खरं. पण जाहिरात खोटी आहे म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. रुंद हँडल आणि ताठ बैठक रानात जितकी कामाची, तितकीच रिक्षांच्या गर्दीतून वाट काढताना.

आद्रियातिक किनाऱ्यावरच्या पेझारोत गाड्यांचा आवाज कमी होतो. हे सायकलींचं गाव आहे. सायकलवाटांचा नकाशा इथे मेट्रोसारखा रंगीत रेघांनी छापतात. संगीतकार रोस्सीनीचं हे जन्मगाव, आणि त्याच्या नावाने जो पिझ्झा मिळतो त्यावर उकडलेलं अंडं आणि मेयोनेझ असतं. इटलीच्या इतर भागांत हे नुसतं सांगितलं तरी लोक नाक मुरडतात. आपल्याकडे मिसळीवरून गावागावांत जी भांडणं होतात, त्यांची ही आद्रियातिक आवृत्ती. १९११ साली तेरेसा बेनेल्ली या विधवेने आपल्या सहा मुलांना हाताला काम मिळावं म्हणून इथे गॅरेज काढून दिलं, आणि त्यातून बेनेल्ली कंपनी उभी राहिली. १९५१ साली तिने लेओंचीनो काढली, म्हणजे सिंहाचा छावा. १२५ सीसीच्या या छाव्याने १९५३ची मोतोजीरो जिंकली. आज त्याच नावाच्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर धातूचा छोटा सिंह बसलेला असतो. पण २००५ पासून बेनेल्ली चीनच्या चियानजियांग या कंपनीची आहे, आणि भारतातही विकली गेलेली ३७४ सीसीची इंपेरियाले पेझारोत बनत नाही. मग हे इटालियनपण म्हणजे टाकीवरची चिकटपट्टी का? मला वाटतं, हा प्रश्न आपण तरी फार ताठ मानेने विचारू नये. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली म्हणून ठेचा परका होत नाही. वळण ही देशाच्या मालकीची गोष्ट नाही. ती टिकते ती करणाऱ्याच्या हातात. इंपेरियालेची एकवीसएक अश्वशक्ती, हवेने थंड होणारं इंजिन आणि सपाट सीट हे पन्नाशीच्या दशकातलं माप आहे, आणि ते पाळलं गेलं आहे. दोष काढायचाच तर तो दोनशे किलोंहून जास्त वजनाचा काढावा. गल्लीत गाडी मागे ढकलताना हे वजन कळतं, आणि तिथे ती आपल्या आजीला शोभत नाही.

पेझारोहून आत वळलं की टेकडीवर विटांचं उर्बीनो आहे. कास्तिल्योने या लेखकाने १५२८ साली प्रसिद्ध केलेला दरबारी माणसावरचा ग्रंथ इथल्याच राजवाड्यात घडतो, आणि त्याने इटालियन भाषेला एक शब्द दिला: स्प्रेझातुरा. कष्टाने कमावलेलं कौशल्य असं दाखवायचं, की त्यात कष्ट दिसूच नयेत. आपल्याकडे मुरलेल्या गवयाची तान ऐकून ‘किती सहज!’ असं म्हणतात, त्याच्या जवळपासची ही कल्पना. जुन्या वळणाच्या गाड्यांवरचा सर्वांत बोचरा आक्षेप इथेच तपासावा. त्या ढोंगी आहेत, असं म्हणतात. बाहेरून १९६०, आत फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस. पण ही लपवाछपवी कुणाला फसवण्यासाठी नाही. तंत्राने आपलं काम करावं आणि मिरवू नये, एवढाच तिचा हेतू. उलट कामाला नेणाऱ्या गाडीने शर्यतीचं सोंग आणणं हे मला अधिक मोठं ढोंग वाटतं. उर्बीनोच्या पुढे फुर्लोची घळ लागते. व्हेस्पासियान या रोमन सम्राटाने तिथे खडक फोडून केलेला बोगदा अजून वाहता आहे. छिन्नीचे घाव भिंतीवर तसेच आहेत आणि त्यातून आजची गाडी दिवा लावून निघून जाते. त्या बोगद्याला कुणी रेट्रो म्हणत नाही. दोन हजार वर्षं तो वापरातून गेलाच नाही, म्हणून.

आपेनाइन ओलांडून आर्नो नदीच्या खोऱ्यात उतरलं की पोंतेदेरा येतं. पिसा-लिव्होर्नोच्या या मुलखात ‘चेचीना’ मिळते. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजलेली. चव थेट बेसनाच्या धिरड्याची. फक्त ओवा आणि मिरची तेवढी राहून गेली असं वाटतं. पोंतेदेरात पियाज्योचा विमानांचा कारखाना होता. युद्धात तो बॉम्बफेकीत गेला आणि पोटापाण्यासाठी दुसरं काही बनवणं भाग पडलं. मालक एन्रिको पियाज्योने हे काम कोर्रादीनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरकडे सोपवलं. त्याला मोटारसायकलचा तिटकारा होता: चढायला अवघड, साखळीने कपडे खराब, पंक्चर काढणं जिकिरीचं. म्हणून त्याने इंजिन मागच्या चाकाशी नेलं, साखळी काढून टाकली, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली आणि मधून सहज पाय टाकता येईल अशी जागा मोकळी सोडली. १९४६ सालची ९८ सीसीची व्हेस्पा ही अशी तक्रारींच्या यादीतून जन्मली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोन वर्षांनी तिची तीनचाकी बहीण आपे, म्हणजे मधमाशी, आली. १९५६ पर्यंत दहा लाख व्हेस्पा बनल्या होत्या. सुंदर वस्तू बनवायची म्हणून दास्कानियो बसला नव्हता. ज्याला मोटारसायकल आवडत नाही अशा माणसाला रोज बसवेल अशी गाडी त्याला हवी होती. इटालियन छोट्या गाडीचं सौंदर्य या क्रमाने येतं. आधी अडचण नीट ऐकायची, मग आकार द्यायचा.

या दोन माश्या महाराष्ट्रात येऊन राहिल्या, आणि म्हणून हा प्रवास पोंतेदेरात संपवता येत नाही. १९६०च्या सुमारास बजाजने पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच वळणाची चेतक आली. आपली रिक्षा त्या मधमाशीचीच लेक. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. फुटबोर्डावर गॅसचा सिलिंडर, पुढे उभं लहान मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, स्टेपनी आणि सकाळी रुसली तर तिला कलती करून मग मारलेली किक, हे सगळं मध्यमवर्गाच्या सवयीत मुरलं. २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे २०१२ मध्ये बारामतीतून व्हेस्पा परत आली, २०२० मध्ये विजेवरची चेतक आली, आणि दोन्हींची ओढ पुन्हा त्याच गोल, पत्र्याच्या अंगाकडे आहे. आपला फाटा मात्र इटलीहून वेगळा होता. तिथे मोटारसायकल रोजच्या कामातून उठून खेळणं झाली. आपल्याकडे ती कामातून कधीच सुटली नाही, पण कामाची तिला लाज वाटू लागली. दूध घालायला आणि शिफ्ट गाठायला जाणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर आपण शर्यतीचे पट्टे ओढतो आणि मागची सीट अशी उंच तिरपी करतो की म्हातारीला चढता येऊ नये. मंडेल्लोच्या कारखान्याने कामाच्या गाडीला चंडोल म्हटलं होतं. आपण तिला सशाच्या अंगावर चित्त्याचे ठिपके रंगवावेत तसं वागवतो.

म्हणून छोट्या, जुन्या वळणाच्या इटालियन गाडीपासून घेण्यासारखं काही असेल, तर ते तिचा रंग किंवा गोल दिवा नव्हे. ते घेऊन कुणी ती फक्त रविवारी बाहेर काढणार असेल, तर त्याने पितळी घागर घासूनपुसून दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून ठेवावी तसं ते आहे. घागर छान दिसते, पाणी मात्र प्लॅस्टिकच्या बादलीतच भरलं जातं. गाडीच्या बाबतीत ही परीक्षा सोपी आहे. टाकीला जिथे गुडघे लागतात तिथला रंग उडाला आहे का, फुटबोर्डावरचं रबर झिजलं आहे का, हँडलला पिशवीचा वळ पडला आहे का, ते पाहावं. पडला असेल तर ती गाडी कितीही नवी असो, कुठेही बनलेली असो, ती मंडेल्लोच्या अंगणातल्या पाखरांच्या आणि बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या चेतकच्या भावकीतली आहे.